भिंतीवरच्या चुका

तपासणीच्या टेबलावर एकोणीस वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. विणकर जेव्हा स्वतः उठून येतो आणि म्हणतो, "साहेब, हितं एक धागा सुटलाय बघा," तेव्हा तो दाखवतो तिथं बघायचंच नाही. कापड उलटं करायचं आणि दुसऱ्या टोकाकडून बघायला सुरुवात करायची. लहान चूक पुढं करणारा माणूस मोठी कुठंतरी घडीत दाबून बसलेला असतो. हा नियम मी माणसांनाही लावतो. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी मूर्ती उलटी करून बघाल. बघीन की, त्यात काय.

म्हणून भवानी पेठेत जागा बघायला गेलो आणि घरमालकानं पहिल्या पाच मिनिटांत मला आपल्या चुका दाखवायला सुरुवात केली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. लोकांच्या बाहेरच्या खोलीत देवाच्या तसबिरी असतात, वडिलांचा हार घातलेला फोटो असतो. इथं भिंतभर चादरींचे आणि टॉवेलांचे तुकडे खिळ्यांना टांगलेले. प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. एकावर लिहिलेलं, 'घाई केली.' दुसऱ्यावर, 'बोलत होतो.' तिसऱ्यावर, 'विचारायची लाज वाटली.' एका मोठ्या मोराच्या चादरीवर, जिच्यात मोराची मान सरळ शेपटीत घुसली होती, 'आता सगळं येतंय असं वाटलं.'

"समदं माजंच हाय," तो माणूस म्हणाला. "चांगला माल इकला गेला. चुकलेला ठिवला. शिकलो त्येच्यावरच की."

तो वयानं सत्तरीच्या आत-बाहेर. घरात तेलुगू बोलणारं विणकरी कुटुंब, पण बाहेर आपल्यासारखं रांगडं मराठी. आधी घरच्या मागावर विणलं, मग कारखान्यांत जॉबर म्हणून आयुष्य गेलं, म्हणजे बिघडलेला माग चालू करून द्यायचं काम. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. खाली तो एकटा राहायचा आणि वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायचा. आख्खी गल्ली त्याला मामा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. मला तो चेकरसायब म्हणायचा. त्या 'सायब'मध्येही मला काहीतरी खोच वाटायची.

आता माझी भानगड सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या घरात येण्याच्या महिनाभर आधी आमच्या कारखान्यातला टॉवेलांचा एक लॉट गिऱ्हाईकानं परत पाठवला होता. उभ्या धाग्यांतला एक धागा तुटला की कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ पडते. शंभरावर टॉवेलांत ती रेघ होती आणि गठ्ठ्यांवर माझ्या नंबरचा शिक्का होता. तपासले मीच होते. मला रेघ दिसली नव्हती, कारण वर्षभरापासून मला जवळचं धड दिसतच नव्हतं. चष्मा लावला नव्हता. चष्मा लावलेला चेकर म्हणजे संपलेला चेकर, असं माझ्या डोक्यात बसलेलं. मी हात फिरवायचो आणि ऐटीत सांगायचो, मला चूक बघावी लागत नाही, बोटाला कळते.

मालक टेबलापाशी आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुणी पास केलं?" माझ्या हाताखाली शोभा म्हणून एक बाई काम शिकत होती. मोहोळहून रोज यायची. आधी टॉवेलांच्या कडा शिवायची, मग तिनंच मागं लागून तपासणी शिकायला घेतली होती. मी म्हणालो, "त्या दिवशी शिक्का हिच्याकडं होता." ती म्हणाली, "त्या दिशी मी पॅकिंगला हुते की." मी म्हणालो, "मालक, तिला या कामाचा डोळाच नाही." एवढं बोललो मी. दुसऱ्या दिवसापासून तिला बंद केलं. ती निमूट डबा उचलून गेली आणि माझी खुर्ची राहिली.

अशा माणसाला घरमालक कसा मिळावा? तर रोज संध्याकाळी मी जिना चढायला लागलो की खालून विचारणारा, "काय चेकरसायब, आज काय चुकलं?"

पहिल्या दिवशी माझ्या हातातली पिशवी पडायची राहिली. मी म्हणालो, "काही नाही." तर तो हळहळला. खरंच हळहळला. म्हणाला, "आरारा. मग दिवस वायाच गेला म्हणा की." आणि मग आपलं सांगायला लागला: आज त्यानं झाकणाची रबरी रिंग विसरून कुकरला डाळ लावली होती, शिट्टी का होत नाही म्हणून अर्धा तास वाट बघितली, आणि आता त्याला कुकरचं झाकण कसं काम करतं ते पुरतं कळलं होतं. एवढ्या आनंदानं लोक पोराला नोकरी लागल्याचं सांगत नाहीत.

हे रोज. बायकोला विचारायचा, दूधवाल्याला विचारायचा, मीटर बघायला आलेल्याला विचारायचा. लोक हसून काहीतरी सांगायचे. माझी बायको तर रंगवून सांगायची, आज मिठाचं काय झालं, आज बस कशी चुकली. मला एकच शंका. हा माणूस दुसऱ्यांच्या चुका गोळा का करतो? आयुष्यभर कारखान्यांत काढलेला माणूस, ओळखी असणारच. आमच्या मालकांशी नसेल कशावरून? मी बायकोला सांगून ठेवलं, त्याच्यापुढं कारखान्याचा विषय काढायचा नाही. ती म्हणाली, "का? कारखान्यात काय चुकलंय?" तिलाही मी काही सांगितलं नव्हतं.

मामाच्या घरात 'मला जमत नाही' असं बोलायची सोय नव्हती. कुणी बोललं की तो ताबडतोब म्हणायचा, "जमत न्हाय ऱ्हाऊ दे. कुटवर आलंय ते सांगा." एकदा नळाचं वायसर बदलायला मला बोलावलं. मी म्हणालो, मला नाही जमत. "कुटवर जमतं?" मी म्हणालो, अहो मी कधी केलंच नाही. "म्हंजे सुरवातीपातुर आलंय. बरं हाय. धरा पाना." त्या दिवशी आम्ही दोघं नखशिखांत भिजलो आणि शेवटी प्लंबर आलाच. प्लंबरसमोर हा पाटावर बसून त्याचे हात बघत होता आणि मधेमधे, "थांब थांब, ते परत कर," असं म्हणत होता. मला वाटलं, प्लंबरची मजुरी वाचवायचा बेत असणार. पण पुढच्या वेळी नळ त्याला दुरुस्त करता येत असूनही त्यानं त्याच प्लंबरला बोलावलं, का तर नवीन पद्धतीचा नळ होता आणि तो अजून बघायचा होता. माझा अंदाज चुकला. म्हणजे डाव दुसराच असणार, असं मी धरून चाललो.

भाकरीचं प्रकरण तर गल्लीभर गाजलं. बायको गेल्यापासून तो डाळ-भात घरी करायचा, भाकरी मात्र खानावळीतून आणायचा. एक दिवस माझ्या बायकोकडं आला आणि म्हणाला, "वैनी, भाकरी शिकवा." आमच्याकडं ज्वारीची कडक भाकरी चांगली जमायला पोरीबाळींना वर्षं लागतात. हा सत्तरीचा गडी परातीपुढं मांडी घालून बसला. पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना निम्मी शेगडीवर गेली. तिसरी त्यानं एवढी जाड केली की बायको म्हणाली, "मामा, ही दाराला लावा, कडी नको." तो हसला नाही. पीठ बोटांत घेऊन विचारलं, "पाणी गरम का घ्यायचं?" बायकोला सांगता येईना. तिनं आयुष्यात कधी विचारच केला नव्हता. मग दोघांनी एक भाकरी गार पाण्याची केली, एक गरम पाण्याची, आणि तुटलेल्या कडा शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. फसलेली प्रत्येक भाकरी त्यानं स्वतः खाल्ली. दीड महिना तो तेच करत होता. दीड महिन्यानं एक फुगली. मला वाटलं आता हा गल्लीत मिरवणार. तर म्हणाला, "ही कशी काय फुगली ते कळलं न्हाय. उद्या परत बघाय पायजे."

आणि माणूस गोड होता असं समजू नका. कौतुक करायच्या बाबतीत तर भलताच तऱ्हेवाईक. शेजारच्या वहिनींची नात नृत्याच्या स्पर्धेत पहिली आली, म्हणून पेढे वाटत होत्या. सगळे म्हणाले, हुशार आहे हो पोर. हा म्हणाला, "हुशार म्हनू नका तिला." वहिनींचा चेहरा पडला. "का हो मामा?" "हुशार म्हनलं की ती उद्या सोपं तेवढंच नाचंल. पडायचं भ्या वाटंल तिला. काय केलं ते इचारा." आणि त्या पोरीला समोर बसवून विचारायला लागला की गिरकी घेताना डोळा कुठं ठेवतेस, चक्कर कशी येत नाही, किती वेळा पडलीस. पोरगी खुशीत सांगत बसली, पण वहिनींनी पुढं दोन महिने त्याच्याकडं वाटी पाठवली नाही. मी मनात म्हणालो, बरी जिरली.

दर शनिवारी भाजी विकायला अक्कलकोटकडची एक आजी यायची. तिच्याकडून तो कानडी शिकत होता. तीन वर्षं शिकत होता म्हणे. वांगी घेताना एक वाक्य बोलायचा, ती पोट धरून हसायची, दुरुस्त करायची, आणि हा तेच वाक्य पुटपुटत घरात जायचा. मी एकदा विचारलं, "या वयात कानडी शिकून करणार काय?" तो म्हणाला, "या वयात न शिकून तरी काय करनार?" ज्यांना उलट उत्तर देता येत नाही अशी माणसं मला आवडत नाहीत.

एका रविवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. मी गॅलरीतून विचारलं, कुठं? म्हणाला, "मोहोळला."

माझ्या हातातला चहा गार झाला. मोहोळ. शोभाचं गाव. मी बायकोला म्हणालो, जरा स्टँडवर जाऊन येतो, आणि खरंच त्याच्या मागोमाग स्टँडवर गेलो. पेपरच्या स्टॉलमागं उभा राहून बघितलं. तो बसमध्ये चढला, खिडकीत बसला, शेजारच्याशी बोलायला लागला. दिवसभर मी गॅलरीत येऊन गल्लीचं तोंड बघत राहिलो. डोळ्यांपुढं एकच, की हा तिच्या ओट्यावर बसलाय आणि विचारतोय, काय चुकलं? संध्याकाळी परत आला तो बुंदीची पुडी घेऊन. कारखान्यातल्या जुन्या जोडीदाराच्या मुलाचं लग्न होतं. पुडीवर हॉलचं नाव छापलेलं होतं, तेही मी वाचलं. हात लांब धरून वाचलं. तरी वाटलं, लग्नाच्या आधी किंवा नंतर गेला असेल.

त्यानंतर आठवड्यातच तो माझ्याकडं आला. हातात एक टॉवेल. "चेकरसायब, चूक बघायची कशी ते शिकवा की. आमी जलमभर माग दुरुस्त केले, पर तपासनी आपल्याला येत न्हाय."

झालं, म्हटलं, आला मुद्द्यावर. नाही म्हणावं तर संशय येईल. मग मी नेहमीची ऐट दाखवली. डोळे मिटले, टॉवेलावरून हात फिरवला, आणि म्हणालो, "यात काही नाही. साफ आहे." त्यानं टॉवेल घेतला, खिडकीशी गेला, उजेडात धरला. "हितं मला एक रेघ दिसतीया," तो म्हणाला. "हाय का? का माजाच डोळा?"

मी उठून गेलो. उजेडाकडं धरलेल्या कापडात काहीतरी पांढुरकं होतं. रेघ होती की नव्हती, देवाशपथ मला दिसत नव्हतं. मी म्हणालो, "सुताचा फरक आहे तो. तेवढं चालतं. ती चूक नव्हे."

"असं व्हय," तो म्हणाला, आणि टॉवेल घेऊन खाली गेला.

दुसऱ्या दिवशी जिन्यातून उतरताना भिंतीवर नजर गेली. तो टॉवेल खिळ्याला टांगलेला होता आणि चिठ्ठी होती. मी मान मागं घेऊन वाचली. 'चेकरसायब म्हणतात यात चूक नाही. मला अजून कळत नाही.'

त्या चिठ्ठीनं माझी झोप उडवली. ही सरळसरळ टोमण्याची चिठ्ठी आहे, असं माझं ठाम मत झालं. याला सगळं ठाऊक आहे. मोहोळला जाऊन आलाय, मालकांकडून ऐकलंय, आणि आता मला भिंतीवर टांगलंय. बायको म्हणाली, "अहो, त्यांनी स्वतःचं अज्ञान लिहिलंय. तुमचं काय जातंय?" तिला काय सांगणार काय जातंय ते.

चार दिवस मी ते घोळवलं. पाचव्या दिवशी, सुट्टी होती, मी खाली गेलो आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "मामा, एक विचारतो. स्वतःहून लहान चुका दाखवणारा माणूस मोठी लपवत असतो, असा माझा अनुभव आहे. ही भिंत झाली. भिंतीवर न लावलेली कुठली आहे?"

खरं तर मला त्याला उलटा पकडायचा होता. तुझंही काहीतरी माझ्या हातात असू दे, एवढाच हिशोब. मला वाटलं तो चिडेल. तो गुडघ्यावर हात टेकून उठला. मग आतल्या खोलीत गेला. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक घडी घातलेली जुनी साडी होती, आणि तिच्या आत कापडाचा एक तुकडा. हिरवा, दीडेक वीत लांब.

"हे मी इनलेलं न्हाय," तो म्हणाला. "हिनं."

त्याच्या वडिलांच्या वेळेपासून घरात एक हातमाग होता. त्यांच्यात बायका कांड्या भरायच्या, म्हणजे सूत गुंडाळून द्यायच्या, आणि मागावर बसायचे पुरुष. त्याच्या बायकोला मागावर बसायचं होतं. लग्न झाल्यापासून म्हणत होती. हा दर वेळी एकच सांगायचा, तुला जमायचं नाही. एकदा तो कारखान्यातल्या मंडळींबरोबर आठ दिवस तिरुपतीला गेला. तेव्हा ती बसली असणार. विणून झालेलं तिनं कापून घेतलं, लग्नातल्या साडीच्या घडीत ठेवलं आणि जन्मभर एका शब्दानं बोलली नाही. ती गेल्यावर तिचे कपडे काढताना त्याला ते सापडलं.

त्यानं तुकडा माझ्या हातात दिला नाही. मांडीवर पसरला आणि बोटानं दाखवत गेला. सुरुवातीची चार बोटं नुसता गुंता. कडा आत-बाहेर झालेल्या, धागे लोंबत होते. त्याच्या पुढं कडा हळूहळू सरळ होत गेलेल्या. एवढं मलाही दिसत होतं. "आन् ही शेवटची चार बोटं बघा. कड बघा. माजी सुदीक अशी येत न्हवती." मग त्यानं बोट कापडाच्या कडेला नेऊन ठेवलं, जिथं ते कापलेलं होतं. "आन् हितं मी तिरुपतीहून परत आलो."

मी खाली बसलो. मला रडू यायला लागलं आणि स्वतःचा रागही आला. मग मी सगळं सांगितलं. लॉट, शिक्का, शोभा, डोळ्यांचं, 'तिला डोळाच नाही' म्हणालो तेही. शेवटी म्हणालो, "मामा, चुकलं माझं." वाटलं, आता तरी हा माणूस खूश होईल. महिनोन् महिने हेच तर विचारत होता.

"न्हाय," तो म्हणाला. "ही चूक न्हाय."

मला कळेना.

"चूक करताना मानसाला ठाऊक नसतं. तुमाला ठाऊक हुतं. मला बी ठाऊक हुतं, तिला जमंल म्हनून. म्हनूनच बसू देत न्हवतो. म्हनून हे पेटीत हाय, भिंतीवर न्हाय." त्यानं तुकडा परत साडीत घातला. "तुमचं मानूस जितं हाय, चेकरसायब. माजं न्हाय. हितं काय बसलाय? जावा."

मग मी सरळच विचारलं, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं ना? त्यानं मान हलवली. त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आमचा कारखाना कुठला हेसुद्धा त्याला नक्की ठाऊक नव्हतं. ती चिठ्ठी त्यानं मनापासून लिहिली होती. मी चूक नाही म्हटल्यावर त्यानं विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी चष्म्याचा नंबर काढून घेतला. चष्मा आल्यावर मालकांच्या खोलीत गेलो, दार लावून घेतलं आणि सांगितलं. मालक खूप बोलले, ते इथं लिहीत नाही. शेवटी म्हणाले, बोलव तिला.

मोहोळला शोभा घराच्या ओट्यावर मशीन टाकून ब्लाऊज शिवत होती. मला बघून तिनं मशीन थांबवलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ती कापड सरकवत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "तुमाला जवळचं दिसत न्हाय हे मला पैल्या महिन्यातच कळलं हुतं, भाऊ."

"कसं?"

"तुमी पास केलेल्या गठ्ठ्यात मला चुका गावायच्या. मी परत बघायची. तुमी च्याला गेलासा की काढून ठेवायची बाजूला. त्या दिशी मला पॅकिंगला धाडलं, म्हनून ऱ्हायलं."

वर्षभर माझी खुर्ची तिनं टिकवली होती. मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस? "मला वाटलं तुमी बोलशिला," ती म्हणाली. "टेबलापाशी हुबी हुते मी. तुमच्या तोंडाकडं बघत हुते."

मी सांगितलं की मालकांनी बोलावलंय, सोमवारी ये. तिनं विचारलं, "मालकाला कुटं सांगितलं?" मी म्हणालो, त्यांच्या खोलीत. "आन् मला घालवलं तवा कुटं घालवलं?"

मी म्हणालो, टेबलापाशी, सगळ्यांसमोर.

"तितंच सांगा," ती म्हणाली. "मग टेबलावर बसते. न्हायतर ब्लाऊज हायती की माजे."

मामाला मी हे येऊन सांगितलं, आमचा कारखाना कुठला आणि सोमवारी कधी बोलणार तेही. तो नुसतं "बरं" म्हणाला. आता ती जागा सोडून आम्हाला दोन वर्षं झाली, बायकोला माहेरच्या जवळ घर मिळालं म्हणून. परवा भेटायला गेलो होतो. मामाला आता कानडी बऱ्यापैकी येतं, आणि ती भाजीवाली आजी त्याच्याकडून मराठीत सही करायला शिकली आहे. भाकरी मात्र अजून दहातली एखादी फसते. हिरवा तुकडा पेटीतच आहे. भिंतीवर लावा असं मुलगीही म्हणते. तो ऐकत नाही, आणि त्याचं बरोबर आहे असं मला वाटतं.

पण सांगायचं होतं त्या सोमवारचं. जेवणाच्या सुट्टीत चाळीसेक माणसं डबे उघडून बसली होती. शोभा दारापाशी उभी होती, पिशवी खांद्यावर तशीच. मागं पाण्याच्या माठाजवळ मामा उभा दिसला. वॉचमननं त्याला जुन्या ओळखीनं आत सोडलं असणार. मी टेबलापाशी गेलो आणि बोलायला लागलो. पहिलं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही, परत बोलावं लागलं. लॉट मी पास केला होता. मला दिसत नव्हतं. शोभाचा काही संबंध नव्हता. डोळा नाही असं मी म्हणालो ते खोटं होतं, हे मला म्हणताना माहीत होतं. कोपऱ्यातला एकजण हसला. हळूहळू डबे परत सुरू झाले. मामा माठातलं पाणी प्याला आणि माझ्याकडं न बघता निघून गेला.

शोभा आली, पिशवी खिळ्याला लावली, माझ्या शेजारी स्टूल ओढलं. मी सकाळी पास केलेला गठ्ठा टेबलावर होता. तिनं तो खिडकीकडं सरकवला आणि एकेक टॉवेल उजेडात धरायला लागली. तीन बाजूला काढले आणि माझ्यापुढं ठेवले. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता, सकाळपासून होता; पण सकाळी मी सवयीनं नुसता हात फिरवला होता. मी पहिला टॉवेल उचलला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली होती, स्वच्छ दिसत होती.